हाताला येणाऱ्या फांद्या

अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात जांभळं दिसायला लागली की मी चालण्याचा वेग वाढवते. पाट्या मांडून बसलेल्या बायकांसमोरून जाताना मोबाइलवर काहीतरी फार महत्त्वाचं आलंय असा चेहरा करते. त्या बायका काही दूधखुळ्या नाहीत. "ओ मॅडम, बदलापूरची आहेत, बघून तरी जा," असं त्यांच्यातली एक ओरडतेच. मेच्या अखेरीला आमच्या या पट्ट्यात विकलं जाणारं प्रत्येक जांभूळ बदलापूरचंच असतं, मग ते कुठल्या का राज्यातून टेम्पो भरून आलेलं असेना. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि वाद घालण्याबद्दल तिथे माझी ख्याती आहे. पण जांभळांच्या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही. मुकाट्याने पुढे जाते आणि घरी पोहोचेपर्यंत तो तुरट-गोड वास नाकात तसाच राहतो.

यंदा तसं पुढे जाऊन सुटका झाली नाही. फोन आला. हर्षदाचा, हर्षदा भोईरचा. माझी विद्यार्थिनी. पदवीला असताना तिने माझ्याकडे एक प्रकल्प केला होता, आता ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत रसायनं तपासते. एरवी ती मेसेज करते. फोन केला म्हटल्यावर मला आधीच कळलं होतं.

"मॅम, फळं धरलीत," ती म्हणाली. "पप्पा कोणाला हात लावू देत नाहीयेत. बाईंना बोलव म्हणतात, बाई आल्याशिवाय तोडायची नाहीत."

"कशी दिसतायत?" मी विचारलं.

मग म्हणाली, "हिरवी आहेत अजून. तुम्ही या ना, मॅम."

वनस्पतिशास्त्राची पदवीधर मुलगी "कशी दिसतायत" या प्रश्नाला "हिरवी आहेत" असं उत्तर देते, तेव्हा तिला उत्तर द्यायचं नसतं. मी येते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी माझं कशातच लक्ष लागेना. एक जुना उन्हाळा घरात येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

तो उन्हाळा बदलापूरजवळच्या खरवईचा. हर्षदा तेव्हा दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. वर्गातल्या पाच-सहा मुलींना घेऊन मी तिच्या गावात झाडांची नोंद करायला गेले होते. गाव म्हणायचं ते सवयीने. एका बाजूला नव्या इमारती, त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि दुसऱ्या बाजूला अजून जीव धरून असलेली थोडी भातशेती. त्या दोन्हींच्या मध्ये, भोईरांच्या घराच्या मागच्या अंगाला, ते जांभळाचं झाड उभं होतं. आणि त्याच्या भोवती बांबूंचं चार मजली घर बांधलेलं होतं.

ते बांबूंचं घर म्हणजे परांची. जांभळाचं लाकूड दगाबाज. फांदी वरून धडधाकट दिसते आणि पाय ठेवला की कडकन मोडते. म्हणून इथली माणसं झाडावर चढत नाहीत, झाडाभोवती बांबू बांधून त्या बांबूंवर चढतात. उभे बांबू, आडवे बांबू, काथ्याच्या गाठी. हे सगळं दर वर्षी फळ भरायच्या वेळी बांधायचं आणि हंगाम संपला की सोडायचं. त्यात बांबू, टेम्पो, गाठी मारणारे गडी, सगळंच आलं. हर्षदाचे वडील, ज्यांना मी भोईरदादा म्हणते, पार वरच्या टप्प्यावर उभे होते. एकेक घोस हाताने तोडून सागाची पानं घातलेल्या पाटीत ठेवत होते आणि पाटी दोराने खाली सोडत होते. फळ पडलं तर फुटतं, म्हणून पाडायचं नाही. त्या पाट्या खाली झेलायला वहिनी होत्या. हर्षदाची आई. कमरेला पदर खोचलेला, दहाही बोटं जांभळी.

त्या दिवशी वहिनींनी माझ्या हातावर ठेवलेलं जांभूळ मी कधीच विसरणार नाही. अंगठ्यापेक्षा लांब, चांगलं गरगरीत, आणि बी इतकी बारीक की दाताला ती आहे की नाही असं वाटावं. मी पुष्कळ जांभळं खाल्ली आहेत, धंद्याचाच भाग आहे तो. पण त्या फळाला जो गोडवा होता आणि त्या गोडव्याच्या मागून अगदी उशिरा येणारा जो हलका तुरटपणा होता, त्याने मी बोलायची थांबले. मुली हसायला लागल्या. मॅम गप्प झाल्या, हे त्यांना नवीन होतं. मग सगळ्यांनी एकमेकींना जिभा दाखवल्या, मलाही दाखवायला लावली.

झाडाच्या खालच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूने, दोन-चार फांद्या इतक्या खाली आल्या होत्या की उभ्या उभ्या हाताला याव्यात. त्यांच्याभोवती परांची नव्हती. तिथे पाटीही नव्हती. फळं तर दर वर्षी पोरं हिरवी असतानाच ओरबाडून न्यायची, एखाददुसरं कच्चं तेवढं उरलेलं. मी सहज हात वर केला तर वहिनी एकदम म्हणाल्या, "त्या नको बाई. त्या आमच्या नायत."

"म्हणजे?"

"हाताला येतंय ते वाटंवरच्याचं. पोरं, गुरांमागची माणसं, पाखरं. घरच्यांनी त्याला हात नाय लावायचा. आमच्यात तसंच हाय."

हर्षदाने पुस्ती जोडली, "मॅम, मी लहानपणी एकदा नुसती फांदी धरून लोंबकळले होते, तर आईने धपाटा घातलेला. खाल्लं पण नव्हतं."

मला ती पद्धत फार आवडली. वर चढायची ज्याची ऐपत त्याने वरचं घ्यावं, आणि ज्याचा हातच तेवढा पोचतो त्याच्यासाठी खालचं सोडावं. कुठल्या कागदावर नाही, कुणाचा शिक्का नाही, आणि तरी कुणी मोडत नाही. मी वर्गात हे उदाहरण कितीदा दिलं असेल. आता देत नाही.

पाटी बांधता बांधता भोईरदादांनी सांगितलं की हा शेवटचा हंगाम. जागा भावकीची, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, त्यांच्या एकट्याच्या नाही म्हणण्याला अर्थ नव्हता. पुढच्या गुढीपाडव्यानंतर काम सुरू होणार. "इमारत व्हईल. मना पण दोन खोल्या भेटतील त्यात," ते म्हणाले, आणि पुढची पाटी वर ओढायला लागले.

परतताना रिक्षात हर्षदा माझ्याशेजारी बसली होती. वर्गात फारसं न बोलणारी मुलगी. जर्नलमधल्या आकृत्या सुरेख काढायची, पण प्रश्न विचारायला कधी हात वर करायची नाही. त्या दिवशी ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मॅम, झाड वाचत नसेल तर त्याचं काय वाचवता येतं?"

शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रश्न फार येत नाहीत. 'परीक्षेला येणार का' हाच आमच्याकडचा लोकप्रिय प्रश्न. मी तिला सांगितलं की त्याची कलमं करता येतात. त्या झाडाची कोवळी काडी दुसऱ्या रोपावर बांधायची. रोपाचं मूळ, पण वर वाढेल ते तुमचंच झाड, तेच फळ, तीच चव. बी लावली तर काय निघेल सांगता येत नाही, कलम मात्र हुबेहूब निघतं. ती ऐकत राहिली. उतरताना म्हणाली, "मग करूया ना."

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी निधी जाहीर झाला. कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती, म्हणून अचानक सगळ्यांना पदवीच्या मुलांमध्ये शास्त्रज्ञ दिसायला लागले होते. हेतू काहीही असो, मी खूश होते. आमच्याकडे येणारी मुलं घरून निघताना आईला पाण्याच्या टँकरच्या रांगेत लावून येतात, संध्याकाळी जीन्सच्या कारखान्यात धागे कापतात. त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं की तुझ्या डोक्यातल्या प्रश्नाची आम्हाला किंमत आहे, त्याच्यामागे आम्ही उभे राहू. हर्षदाने तीन रात्री जागून प्रस्ताव लिहिला. शुद्धलेखन मी तपासलं, बाकी एक अक्षर बदललं नाही. त्यात रोपं होती, शेडनेट होतं, फळाची गोडी मोजायचं लहानसं यंत्र होतं. आणि बांबू होते.

वर चढल्याशिवाय काड्या मिळणार नव्हत्या. जे झाड पाडायचंच आहे त्याला परांची कोण बांधणार? भोईरदादांनी हंगाम संपल्यावर आपले बांबू विकून टाकले होते. म्हणून आम्ही बांबू मागितले. निधीच्या नियमाप्रमाणे तीन दुकानांची दरपत्रकं हवीत, म्हणून मी आणि हर्षदा उल्हासनगरात लालचंदशेठच्या वखारीत गेलो.

"बांबूचा कोटेशन?" शेठ चष्मा वर सारून म्हणाले. "साईं, चाळीस साल हो गये, किसीने बांबू का कोटेशन नहीं मांगा. आप टीचर लोग हो, ले जाओ ना, बाद में देखेंगे."

"नियम आहे शेठ. तीन लागतात."

"तीन?" त्यांनी आत हाक मारली. एक दरपत्रक स्वतःच्या दुकानाचं, एक भावाच्या, एक मेव्हण्याच्या. तिन्ही एकाच टेबलावर, एकाच पेनने. आमच्याकडे ते असंच होतं आणि हिशेब तपासणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. चहा पाजून वर त्यांनी हर्षदाला विचारलं, "बेटा, झाड पे घर बनायेगी क्या?" ती खूप दिवसांनी मोकळी हसली. मलाही वाटलं, जमतंय.

निधी देणाऱ्या कॉलेजच्या समितीपुढे हर्षदा उभी राहिली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर होते. ती छान बोलली. रोपं मंजूर, शेडनेट मंजूर, यंत्र तर ताबडतोब मंजूर, कारण यंत्र मूल्यांकनाला येणाऱ्यांना दाखवता येतं. बांबूंपाशी गाडी अडली. बांबू हे उपकरण नव्हे, रसायन नव्हे, प्रवासखर्चही नव्हे. हिशेब विभागाचे सावंत, तसा माणूस वाईट नाही, मला हळूच म्हणाले, "मॅडम, उद्या ऑडिटला मी काय सांगू? बॉटनीने कॉलेजच्या पैशाने परांची बांधली, तीही दुसऱ्याच्या जागेत? हे बांधकाम झालं. विद्यार्थ्यांच्या निधीतून बांधकाम करता येत नाही."

मी वाद घातला. माझी ख्याती राखली. तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी समजुतीच्या सुरात हर्षदालाच विचारलं, "बाळ, पण वर जायचंच कशाला? खालच्या फांद्यांवरून काड्या काढल्या तर चालणार नाही?"

"नाही सर," हर्षदा म्हणाली. "त्या आमच्या नाहीत."

सगळे हसले. कुजकं नाही, कौतुकानेच हसले. लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसे. हर्षदाचे कान लाल झाले. त्या हसण्यात बांबूंवर काट मारली गेली.

अजूनही ते हसणं आठवलं की माझं डोकं फिरतं. त्या खोलीतले सगळे शिकलेले होते, सगळ्यांना मुलींचं भलंच हवं होतं. निधीसुद्धा खोटा नव्हता. पण तो आधीच कुणीतरी चौकटी आखून पाठवलेला होता, आणि जगातला प्रत्येक प्रश्न त्या चौकटींत बसणाराच असणार अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. हर्षदाला यंत्र मिळालं. तिला फक्त वर चढायला हवं होतं.

मी खिशातून द्यायला तयार होते. भोईरदादांनी हात जोडले. "बाई, मास्तरणीच्या पैशानं झार बांधू? नाय. ते नाय जमायचं." लांब काठीची कात्री आणून पाहिली, ती वरच्या पसाऱ्याच्या जवळपासही पोचेना. इकडे मार्च उजाडला होता. मंजूर झालेलं सगळं मार्चअखेरपर्यंत वापरून दाखवायचं होतं, नाहीतर परत. आणि पाडवा तोंडावर आला होता.

एका सकाळी मी खरवईला गेले तर भोईरदादा झाडाखाली उभे होते. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. हातात नारळ. त्यांनी तो खोडापाशी फोडला, पाणी मुळाशी ओतलं. मग रस्त्याकडे तोंड करून, तिथे कुणी नसताना, मोठ्याने म्हणाले, "तुमच्या वाटणीचं घेतंव. पोरीसाठी घेतंव. झारच ऱ्हायचं नाय, मंग तुमाला तरी काय भेटनार?" आणि हर्षदाकडे वळून म्हणाले, "घे. खालच्या फांद्यांवरच्या घे."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या, बाहेर आल्या नाहीत.

मी दादांना विचारलं होतं, या फांद्यांचं फळ वरच्यासारखंच ना? ते माझ्याकडे बघतच राहिले. "एकाच झाराच्या ना ह्या, बाई? मंग येगल्या कशा असतील?" एका खोडातून फुटलेल्या फांद्या. ते शेतकरी होते, मी वनस्पतिशास्त्राची बाई, आणि आम्हा दोघांच्याही ज्ञानाप्रमाणे उत्तर एकच होतं. त्या फांद्यांचं फळ त्या घरातल्या कुणीही कधी चाखलेलं नव्हतं. ज्यांनी चाखलं ते वाटेने निघून गेले होते. फुकटच्या फळाची चव सांगायला कोण थांबतो?

काडीची पानं आठवडाभर आधी खुडून ठेवायची, देठ तेवढे राहू द्यायचे. देठ आपोआप गळायला लागले की काडी तयार. हर्षदाने सगळं शिस्तीत केलं. रोपाला चीर, काडीला पाचर, वर प्लॅस्टिकची घट्ट पट्टी, आणि सगळ्यावर बर्फाच्या कांडीची लांब पिशवी उलटी घातलेली. तिच्या भावाने गल्लीतल्या पोरांना त्या कांड्या खायला घालून पिशव्या जमवल्या होत्या. शेडनेटखाली रांगेने उभ्या त्या पिशव्यांच्या आत दव धरायचं आणि एखाद्या सकाळी त्या दवातून तांबूस पानाचं टोक दिसायचं. पहिलं पान दिसलं तेव्हा हर्षदाने मला फोन केला. नुसती हसत होती. झाड उभं असतानाच विद्यापीठाच्या स्पर्धेत तिने तक्ता लावून हे सगळं मांडलं, प्रशस्तिपत्रक मिळवलं. तिथल्या परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय आहे? ती म्हणाली, "नवीन काही नाही सर. जुनंच राहावं म्हणून केलंय." मला वाटलं, या पोरीला आता कुणी अडवू शकत नाही.

पाडव्यानंतर महिनाभराने झाड पाडलं. त्या दिवशी मी गेले, कारण हर्षदाने बोलावलं होतं. करवतीचा आवाज थांबल्यावर आम्ही जवळ गेलो. हिरवी, कच्ची फळं सगळीकडे सांडली होती आणि लोक त्यावरून चालत होते. ओल्या लाकडाचा उग्र वास येत होता. भोईरदादा बुंध्यापाशी वाकले. मग उठून त्यांनी आम्हाला हाताने बोलावलं.

बुंध्यात दोन गाभे होते. दोन ठिकाणांहून सुरू झालेली वर्तुळं, वाढत वाढत एकमेकांना टेकलेली, आणि मग दोघांना मिळून एकच साल. मी खोडावरचा तो लांब उभा वळ अनेकदा पाहिला होता, जुन्या जखमेची खूण असावी असं वाटलं होतं.

"दोघं होते," दादा म्हणाले. "आमच्यात बी एकटी नाय लावत, बाई. एका खड्ड्यात दोन. एक मेली तर दुसरी जगंल. माझ्या आज्यानं लावलेलं हे. दोन्ही जगली आणि आमाला कधी कललंच नाय. आमी एकच समजत होताव."

त्यांना त्यात काहीतरी सुंदर दिसत होतं. होतंच ते सुंदर. मी हर्षदाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ती रस्त्याच्या बाजूच्या गाभ्याकडे बघत होती. लहान गाभा. त्याची वर्तुळं गच्च, दाटलेली. खालच्या फांद्या त्या बाजूने निघालेल्या होत्या.

म्हणजे आम्ही ज्याची कलमं केली होती ते कदाचित दुसरंच झाड होतं.

ती माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आली. मग म्हणाली, "मॅम, पप्पांना सांगू नका." मी तिला समजावलं. दोन्ही बिया एकाच फळझाडाच्या असतील. जांभळाच्या बीतून कधीकधी हुबेहूब आईसारखं रोप निघतं, हे मी वर्गात शिकवलंय, पुस्तकात आहे. वरच्यासारखंच फळ लागण्याची शक्यता आहे, चांगली आहे. ती मान हलवत राहिली. "किती वर्षं लागतील कळायला?" कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं तरी. "ठीक आहे," ती म्हणाली, आणि माझ्या लक्षात आलं की आता चार-पाच वर्षं ही मुलगी रोज बापाच्या तोंडाकडे बघत हे गिळून बसणार आहे.

तशीच बसली. एम.एस्सी.चा अर्ज तिने भरला नाही. मी रागावले, समजूत घातली, तिच्या घरापर्यंत गेले. "मॅम, मी सगळं नीट केलं आणि प्रश्न चुकीच्या झाडाला विचारला," ती म्हणाली. "मला परत विचारायची भीती वाटते." बावीस वर्षांच्याही नसलेल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य.

कलमांपैकी थोडीच जगली. कॉलेजच्या मागे लावलेलं एक पार्किंगच्या फरशीखाली गेलं. उरलं ते एक. नव्या इमारतीच्या फाटकाशेजारी, भोईरदादांनी बिल्डरशी भांडून मागून घेतलेल्या कोपऱ्यात. वहिनी त्याला रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या. त्या गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. फळ लागण्याआधीच गेल्या. मग ते पाणी दादा घालायला लागले.

फळं पिकल्याचं हर्षदाने कळवलं, त्या रविवारी सकाळी मी खरवईला गेले. हर्षदाने ते गोडी मोजायचं यंत्र आणायला सांगितलं होतं, म्हणून प्रयोगशाळेतून सही करून आणलं होतं. फाटकाशी रिक्षा थांबली आणि उतरण्याआधीच मला फळं दिसली.

लहान. गोल. बोटाच्या पेराएवढी.

मला तिथेच रडू कोसळलं असतं. पण दादा समोर उभे होते, आंघोळ करून, गंध लावून, हातात सागाचं पान घेऊन. फार वाळलेत ते. हर्षदा त्यांच्या मागे उभी होती आणि माझ्या डोळ्यांत काही सापडतंय का ते शोधत होती. तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. यंत्र मी पर्समधून काढलंच नाही, तिनेही मागितलं नाही. इमारतीतली चार-पाच पोरं सायकली टेकवून लांब उभी होती. दादांनी इतके दिवस त्यांना जवळ फिरकू दिलं नव्हतं.

त्यांनी एक फळ तोडलं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. हळूहळू चावलं. इमारतीतल्या कुठल्याशा घरात टीव्ही लावला होता, तो ऐकू येत होता. फळ लहान होतं, पण ते चावायला त्यांना फार वेळ लागला. मग बी तळहातावर काढून त्यांनी पाहिली. जाड, फळभर पसरलेली बी.

"पैलं वरस हाय," ते म्हणाले. "पैल्या वरसाला असंच. पुढच्या साली भरंल. नाय का, बाई?"

माझ्याकडे बघत होते. हर्षदाही बघत होती.

"हो दादा," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी भरेल."

त्यांनी मान डोलावली. हर्षदा वळली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. दादांनी तिच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. एवढंसं झाड, शेंड्यापर्यंत हात पोचेल असं. त्याला वर असं काही नव्हतंच. मग त्यांनी पोरांना हाक मारली.

"या रे. खा. हाताला येतंय ते तुमचंच."

पोरं धावत आली. सगळ्यात पुढे एक लहानशी मुलगी होती, दोन वेण्या, गुडघ्याला खपली. तिचा हात पोचेना, तर दादांनी फांदी वाकवून धरली. तिने एक तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं आणि खरं ते सांगून टाकलं, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं की इथे काय सांगायचं नसतं.

"आजोबा, गोड नाहीयेत. घसा धरतोय."

"ठाऊक हाय मना," दादा म्हणाले. "त्या बुंध्यापाशीच कललेलं." हे ते तिला सांगत नव्हते. हर्षदाच्या पाठीकडे बघत होते. "तू केलंस ते चांगलंच केलंस, पोरी. वाटंवरच्याचं झार तरी ऱ्हायलं."

हर्षदा वळली नाही. दादा तशीच फांदी वाकवून उभे राहिले, रांगेतल्या पुढच्या मुलासाठी.